न केलेल्या चुकीचा माफीनामा

आमच्या गावच्या शाळेत पोलीस वर्षातून एकदाच यायचे, बोर्डाच्या परीक्षेला. कॉपीचा बंदोबस्त म्हणून दोन हवालदार फाटकाशी खुर्च्या टाकून बसायचे आणि मागच्या भिंतीवरून चिठ्ठ्या फेकणारी मोठी मुलं तेवढ्यापुरती पांगायची. एरवी शाळेत पोलीस दिसला तर काहीतरी वाईट घडलंय, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात मी बारावी झाले आणि एस.टी.चा पास काढून रोज जाऊन-येऊन बी.एस्सी. झाले. घरातली मी पहिली पदवीधर. वडील शिंपीकाम करायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू.

हे सगळं मनात घेऊनच मी अमेरिकेत आले होते. म्हणून ट्रॉय नावाच्या गावात मुलगी मिडल स्कूलला गेली त्या पहिल्या दिवशी शाळेच्या दारात गणवेशातला पोलीस बघून मी गाडी बंद करायची विसरले. उंच, पन्नाशीचा, कमरेला खरं पिस्तूल. येणाऱ्या मुलांना तो नावानं हाक मारत होता.

मी विचारलं, "काय झालंय गं इथे?"

"काही नाही, आई. ही वर्क्स हिअर," मुलगी म्हणाली आणि दप्तर ओढत निघून गेली.

तो खरंच तिथेच नोकरीला होता. पगार पोलीस खात्याचा, ड्यूटी शाळेची. त्याची खोली समुपदेशक बाईंच्या शेजारी होती. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक मोठं खोकं. खोक्यात मुलांनी शाळेत हरवलेले आणि परत न मागितलेले हातमोजे. थंडीत कुणी उघड्या हातांनी आलं की तो त्यातली जोडी द्यायचा, बहुतेक वेळा दोन रंगांची. हे मला कळलं कारण मी मंगळवारी आणि गुरुवारी शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जायचे. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण फुकट काम करायला कुणाची हरकत नव्हती. लायब्ररीच्या काचेतून तो येता-जाता दिसायचा आणि हात करायचा. मी मान हलवायचे आणि लगेच पुस्तकांकडे वळायचे. दीड वर्षात आमचं बोलणं तेवढंच.

दोन हजार चार सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलगी सातवीत होती, तेरा वर्षांची. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी जिमजवळच्या भिंतीवरची आगीच्या घंटेची लाल मूठ खेचली. आग नव्हतीच. पण सगळी शाळा कोटांशिवाय बर्फात जाऊन उभी राहिली, अग्निशामक गाडी आली, सगळ्या खोल्या तपासून झाल्यावर मुलांना आत घेतलं. मुलीनं घरी येऊन हे मला सांगितलं ते एका वाक्यात, आणि खोलीचं दार लावून घेतलं.

गुरुवारी लायब्ररीला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. दुपारी फोन वाजला. तो पोलीस अधिकारी बोलत होता. "काल अलार्म वाजला तेव्हा तुमची मुलगी जिमच्या कॉरिडॉरमध्ये होती, असं कळलं. मला तिच्याशी बोलायचंय. पालक सोबत असलेले बरे. उद्या सकाळी साडेआठला येऊ शकाल?"

"येस सर. सॉरी सर," मी म्हणाले.

"सॉरी कशाबद्दल?" त्यानं विचारलं. मी तोवर फोन ठेवलासुद्धा होता.

मुलगी शाळेतून आली. तिनं बूटही काढले नव्हते. मी दारातच विचारलं, "का केलंस तू असं?"

"काय केलं?"

"शाळेतून पोलिसांचा फोन आला होता. तो अलार्म तू वाजवलास?"

"मी नाही केलं."

"मग जेवायच्या वेळी जिमकडे काय काम होतं तुझं?"

ती गप्प झाली. बूट हातात घेऊन उभी राहिली. काम असतं तर सांगितलं असतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ती गप्प आहे म्हणजे तिनंच केलं, हा हिशेब मी एका मिनिटात जुळवला.

नवरा त्या आठवड्यात ओहायोतल्या कारखान्यावर होता. संध्याकाळी त्याला फोन लावला. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"अलार्म? अरे यार," तो म्हणाला. "आपलं ग्रीन कार्डचं काम लेबर खात्यात अडकलंय, आणि आत्ताच ही पोलीस केस?"

"केस नाही अजून. उद्या बोलावलंय."

"मग उद्याच संपवून टाक. सॉरी म्हण, लिहून दे काय पाहिजे ते, मॅटर क्लोज कर."

"अहो, पण ती म्हणते की तिनं नाही केलं."

"तेरा वर्षांची पोरगी दुसरं काय म्हणणार?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "जेवली का ती?"

लिहून दे, हे त्यानं म्हणायच्या आधीच माझं ठरलं होतं. आमच्याकडे शाळेतून बोलावणं आलं की पालक माफीनामा लिहून देत. त्याला एक ठरलेला मजकूर असे. मी आठवीत असताना भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल टेबलावरून पडून फुटला. त्या वेळी टेबलापाशी मी होते. गोल माझ्या हातून पडला नव्हता, पण कोण कुणाला विचारतंय? अण्णा दुकान अर्ध्यात टाकून आले. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. मुख्याध्यापकांसमोर त्यांनी हात जोडले. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून शाळेच्या कारकुनानं मजकूर लिहिला, अण्णांनी खाली सही काढली. त्यांना तेवढंच येत होतं. पाच मिनिटांत सगळं मिटलं. मी परत वर्गात जाऊन बसले. त्या कागदामुळे माझी शाळा सुटली नाही, असं मी पुढं कायम मानत आले, आणि त्या हात जोडण्याबद्दल मी अण्णांची आजही ऋणी आहे.

तर जेवणं झाल्यावर मी मुलीला टेबलाशी बसवलं. कागद पुढे ठेवला. ती पेन्सिलनं लिहायला लागली, मी तिच्या हातात पेन दिलं. मी मराठीत मजकूर जुळवत होते आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत होते. आदरणीय महोदय, माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल मी मनापासून क्षमा मागते. पुन्हा अशी चूक होणार नाही याची हमी देते. कृपया मला एक संधी द्यावी.

ती मध्येच थांबली. "व्हॉट मिस्टेक, आई? काय चूक, ते लिहायला नको?"

"नको. माफीनाम्यात तपशील लिहीत नसतात."

"पण मी केलंच नाही."

"केलं असो वा नसो, मोठ्यांपुढं वाकलं की ते सोडून देतात. सही कर."

तिनं सही केली. तिच्या खाली मी केली. ती उठली आणि दात घासायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

शुक्रवारी मी मुद्दाम लवकर निघाले. आठलाच शाळेत पोचले, ऑफिसातल्या बाईंच्या हातात पाकीट दिलं आणि म्हटलं, उपमुख्याध्यापिका मॅडमना द्या. त्या पोलिसाच्या खोलीत गेलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. कागद पुढे गेला होता. आता फक्त हात जोडायचे राहिले होते.

त्यानं आम्हाला बसायला सांगितलं. मुलीचं नाव त्यानं नीट उच्चारलं. माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांनाही ते इतकं नीट जमत नव्हतं. "घाबरायचं काही नाही," तो तिला म्हणाला. "त्या वेळी कॉरिडॉरमध्ये चार मुलं होती. चौघांना मी हाच एक प्रश्न विचारणार आहे. तुला कुणी पळताना दिसलं का?"

तिला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

ती काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं आणि उपमुख्याध्यापिका आत आल्या. त्यांच्या हातात आमचं पाकीट होतं. "हे आत्ता माझ्याकडे आलं," त्या म्हणाल्या आणि कागद त्याच्या टेबलावर ठेवला. "कबुली आहे. आईचीही सही आहे."

त्यानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मुलगी जमिनीकडे बघत होती.

बाई कठोर नव्हत्या, पण त्यांच्याकडे नियमांचं पुस्तक होतं. खोटा अलार्म वाजवणं हा गंभीर प्रकार. लेखी कबुली असेल तर मुलीला आजपासून शाळेतून निलंबित करावं लागेल. दहा दिवसांपर्यंत. सोमवारी दुपारी बैठक, तिथे निर्णय. तिच्या नोंदीत ते राहील. बाल न्यायालयाकडे पाठवायचं की नाही, ते अधिकारी ठरवतील. न्यायालय हा शब्द ऐकल्यावर मी उठून हात जोडले. दोघंही माझ्या हातांकडे बघत राहिले. त्या हातांचं काय करायचं, हे त्यांना कळेना.

बाई गेल्यावर त्यानं मुलीला बाहेर समुपदेशक बाईंकडे बसायला सांगितलं. दार अर्धं उघडं ठेवलं.

"हे कुणी लिहिलं?" त्यानं मला विचारलं.

"तिनं."

"अक्षर तिचं आहे. शब्द?"

मी म्हणाले, "माझे."

"मी पंचवीस वर्षं पोलिसात आहे," तो म्हणाला. "कबुलीजबाब वाचणं हे माझं कामच आहे. ह्या कागदात क्षमा आहे, हमी आहे, विनंती आहे. काय केलं, ते मात्र कुठेच नाही. केलेला माणूस काही ना काही सांगतोच. हात लावला, मित्रानं सांगितलं, गंमत वाटली. इथे काहीच नाही. म्हणून विचारतो."

मग मी त्याला माफीनामा म्हणजे काय ते सांगितलं. अण्णा, मोजपट्टी, कारकून, सगळं. माझं इंग्रजी अडत होतं, पण त्यानं एकही वाक्य माझ्यासाठी पुरं केलं नाही, मी पुरं करेपर्यंत थांबला. ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे हा कागद दिला की गोष्ट संपते. इथे हा कागद दिला की गोष्ट सुरू होते."

"मी तो परत घेते. चूक माझी आहे."

"कागद शाळेच्या हातात गेलाय, आता नुसता परत घेता येणार नाही. आणि शिक्षा देणं न देणं माझ्या हातात नाही, ते शाळेचं काम. माझं काम एवढंच, नेमकं काय घडलं ते शोधायचं. ती कुठे होती, हे कळलं तर मी ते जाऊन तपासू शकतो. तिनं तुम्हाला सांगितलं?"

"विचारलं होतं मी. गप्प बसली."

"कसं विचारलंत?"

मी सांगितलं. तो हसला नाही. "मी तिला आत्ता विचारू शकतो," तो म्हणाला, "पण माझ्या कमरेला हे आहे." त्यानं पिस्तुलाकडे बोट केलं. "तुम्हीच विचारा. गाडीत विचारा. गाडीत दोघंही पुढे बघत असतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. डब्यात काय होतं तिथपासून सुरू करा. आणि तिनं काही सांगितलं की मनात दहापर्यंत मोजा, मग बोला."

पोलिसानं मला आई म्हणून कसं वागायचं ते शिकवावं, याचा त्या वेळी मला रागही आला. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

आम्ही गाडीत बसलो. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे पडलेले ढीग होते. मी गाडी चालवायला शिकून दोन वर्षं झाली होती, तरी हायवेवर जायचं धाडस नव्हतं, म्हणून मी नुसती आतल्या रस्त्यांवरून फिरत राहिले. दोन सिग्नल गेले.

"बुधवारी डबा खाल्लास का?"

"हो. पराठा. अर्धा."

"मग?"

"मग बेल व्हायला वेळ होता."

मी थांबले. तिसरा सिग्नल लाल झाला.

"जिमच्या दाराशी लिस्ट लावली होती," ती म्हणाली. "व्हॉलीबॉलची. फायनल टीमची."

तिची टीममध्ये निवड झाल्याचं तिनं आम्हाला पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. मी लगेच फोनचं कार्ड विकत घेऊन अण्णांना फोन केला होता. नात अमेरिकेत शाळेच्या संघात खेळते म्हणून अण्णांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. कुणाच्या तरी हस्ते तिचा सत्कार करायचा, इथवर गोष्ट गेली होती.

"माझं नाव नव्हतं, आई. आधीच्या लिस्टमध्येपण नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं. मला वाटलं, फायनलमध्ये येईल, मग ते खरं होईल. मी परत परत वाचत होते. शेवटपासून पण वाचलं."

मी मोजायला लागले. सहापर्यंत गेले तेव्हा मागच्या गाडीनं हॉर्न दिला, सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी पुढे घेतली आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये नेऊन उभी केली. दहा कधीच होऊन गेले होते.

"आणि अलार्म?"

"मी लिस्टसमोर होते तेव्हा वाजला. मागे कुणीतरी पळालं. मी बघितलं नाही, मी रडत होते."

मी तिला पृथ्वीच्या गोलाची गोष्ट सांगितली. तो मी फोडला नव्हता, हेही सांगितलं. हे मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग आजोबांनी विचारलं नाही?"

"नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

"दॅट्स सो वीअर्ड," ती म्हणाली, आणि मग, "तू पण मला विचारलं नाहीस. डायरेक्ट का केलंस, असं म्हणालीस."

"हो," म्हणाले. "मी चुकले."

आम्ही तशाच परत शाळेत गेलो. तिनं त्या पोलिसाला स्वतः सांगितलं, यादी, खोटं, रडणं, सगळं. त्यानं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि विचारलं, "यादीच्या समोर कुणाची खोली आहे, ठाऊक आहे?" समोर व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या बाईंची खोली होती, काचेच्या दाराची. त्या दिवसभर बाहेरच्या स्पर्धेला गेल्या होत्या. म्हणजे सोमवारपर्यंत थांबणं आलं.

तो शनिवार-रविवार लांबला. नवरा शुक्रवारी उशिरा घरी पोचला, त्याला सगळं सांगितलं. तो आधी माझ्यावर चिडला, मग आपणच लिहून दे म्हणालो होतो हे त्याला आठवलं. रविवारी सकाळी मुलीनं हट्टानं अण्णांना फोन लावायला लावला. स्पीकर चालू होता.

"आजोबा, मी टीममध्ये नाहीये. मी खोटं बोलले होते."

तिकडून बराच वेळ फक्त शिलाई मशीनचा आवाज आला. मग तो थांबला. "बरं," अण्णा म्हणाले. "पुढच्या वर्षी बघ. नाहीतरी मला त्या खेळातलं काय कळतंय? लोकांनी विचारलं, कितीजण असतात, तर मी अकरा सांगितले."

मुलगी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, आठवीत तो गोल फुटला ना, तो मी फोडला नव्हता."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले.

"मग लिहून का दिलंत?"

"हेडमास्तरला कागद हवा होता. मला तुझी शाळा हवी होती." मग म्हणाले, "तुला विचारायला पायजे होतं तवा. सुचलं नाही."

सोमवारच्या बैठकीत एका बाजूला उपमुख्याध्यापिका, समुपदेशक बाई आणि तो, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. त्यानं सकाळीच व्हॉलीबॉलच्या बाईंना गाठलं होतं. त्यांचं म्हणणं त्यानं वाचून दाखवलं. यादीसमोर ही मुलगी रडत उभी असलेली त्यांनी काचेतून पाहिली होती. बाहेर जाऊन तिच्याशी बोलावं म्हणून त्या उठत असतानाच घंटा वाजली. लाल मूठ कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होती.

उपमुख्याध्यापिकांनी मुलीला विचारलं, "मग हे पत्र का लिहिलंस?"

"आईनं सांगितलं म्हणून."

"आईनं सांगितलं तर तू काहीही लिहून देशील?"

ती विचार करून म्हणाली, "आता नाही."

त्या हसल्या. नवरा माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, जरा वेळानं.

पण पत्राचं काय करायचं, हा प्रश्न उरला. त्यावर त्या पोलिसानं मार्ग सुचवला. ते पत्र फाइलमधून काढायचं, तर ते कसं लिहिलं गेलं याचा कागद त्या जागी हवा. तो आईनं लिहावा. "क्षमा नको," तो मला म्हणाला. "गुरुवारी दुपारी फोन आला तिथपासून सुरू करा आणि जे घडलं तेच लिहा."

मला शेजारची रिकामी वर्गखोली दिली. लहान मुलांच्या बाकावर बसून मी इंग्रजीत दीड पान लिहिलं. आयुष्यात अर्ज पुष्कळ लिहिले होते, सगळ्यांच्या शेवटी विनंती असायची. याला विनंतीच नव्हती. कुणी काय विचारलं, कुणी काय सांगितलं, कोणते शब्द माझे होते आणि मुलीनं किती वेळा नाही म्हटलं, एवढंच. तिनं नाही म्हटलेलं मोजलं तर दोन वेळा भरलं. ते लिहिताना पेन थांबलं होतं.

मुलगी त्याच दुपारी वर्गात गेली. निलंबन रद्द झालं. घंटा कुणी वाजवली ते त्यानं पुढं शोधलं, पण ते मूल कोण, हे आम्हाला सांगितलं नाही. मुलीनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "तुझ्याबद्दल मी त्यांना सांगितलेलं तुला आवडलं असतं का?"

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात इतर आयांना सांगितलं. एक भाऊजी म्हणाले, "वहिनी, आता पोलीस भरतीला बसणार वाटतं." पण त्यांच्याच बायकोनं मला नंतर बाजूला घेऊन विचारलं की शाळेतून फोन आला तर नक्की काय बोलायचं. मी म्हणाले, आधी मुलाला विचारायचं, आणि त्याचं उत्तर ऐकून घेईपर्यंत कशावरही सही करायची नाही.

लायब्ररीत माझ्यासोबत एक कृष्णवर्णीय आई पुस्तकं लावायची. तिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती बराच वेळ पुस्तकांचे कणे सरळ करत राहिली. तिच्या मोठ्या मुलाला दुसऱ्या शाळेत दोन पोरांची मारामारी सोडवताना बेड्या घातल्या होत्या. तिथल्या पोलिसानं तो कुठे उभा होता हे विचारलंच नव्हतं. "तुला विचारणारा भेटला," ती म्हणाली. तिचं म्हणणं मी विसरू शकत नाही. शाळेत पोलीस असावा की नसावा, यावर मला मोठं मत देता येत नाही. मला भेटलेला माणूस चांगला होता. पण मुलांचं भलं अशा एखाद्याच्या चांगुलपणावर सोडायला नको, त्याला तसं वागायला कुणीतरी शिकवलं पाहिजे, एवढं मला वाटतं. त्यालाही कुणीतरी शिकवलंच असणार.

पुढच्या वर्षी मुलगी आठवी झाली. हायस्कूलला जाण्याआधी, जून महिन्यात, त्या पोलिसानं आम्हाला बोलावलं. मिडल स्कूलची फाइल इथेच राहते, ती बंद करताना पालकांनी बघून घेतलेली बरी, असं तो म्हणाला. मी घाबरतच गेले. पोलिसाच्या खोलीत जाताना मला आजही जरा भीती वाटते, ते काही गेलं नाही.

त्यानं पातळ फाइल उघडून आमच्यापुढे सरकवली. लसीकरणाच्या नोंदी, गुणपत्रकं, आणि मागे माझं दीड पान. दुसरं काही नाही. मुलीच्या नावावर ठपक्याची एक ओळसुद्धा नव्हती.

"हे ठेवायचं की काढायचं, तुम्ही सांगा," तो म्हणाला.

मी मुलीकडे बघितलं. तिनं ते पान पूर्वी कधी वाचलेलं नव्हतं. तिनं ते उचललं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. स्पेलिंगच्या चुका तिला दिसत असणार, पण ती वाचत राहिली. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी ती थांबली, मग पुढे गेली. मी या वेळी काहीच मोजत नव्हते, नुसती तिच्याकडे बघत होते.

"हे असंच झालं होतं," ती म्हणाली आणि पान परत फाइलमध्ये ठेवलं. "राहू दे."